एक्केचाळिसावं घर

"हे रेणूचं, हे हर्षदचं, हे अश्विनीचं. आन् माझं?"

त्रिवेणीनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, पार्किंगच्या भिंतीवरचे बोर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचले आणि वळून सरोजकडे पाहिलं. सरोज स्टुलावर उभी होती. हातात हातोडी, तोंडात दोन खिळे. तोंडात खिळे असले की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. पण खिळे तरी किती वेळ धरून ठेवणार?

"तुझं घर अजून उभं आहे की गं," खिळे हातात घेत ती म्हणाली. "पडलेल्या घरांचेच लावते मी."

"सोमवारी जेसीबी येतंय. दारं-खिडक्या कालच काढून नेल्या. रविवारी संध्याकाळी मी चालले दिलसुखनगरला, पुतण्याकडं." त्रिवेणीनं चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "रविवारी सकाळी जुने लोक येणार म्हणं हे बघायला. त्याच्या आदी लावा."

दूधवाल्याला उद्या एक पाकीट जास्त दे म्हणून सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि ती निघून गेली. त्या दिवशी शुक्रवार होता.

सरोजला हौज गल्लीत सरोज म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ती सगळ्यांची 'सिस्टर'. काचीगुड्याच्या सरकारी आरोग्य केंद्रात बत्तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी करून, सात वर्षांपूर्वी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ती घरी बसली. बसली म्हणजे कागदोपत्री. ज्या बाईचे पाय बत्तीस वर्षं लोकांच्या जिन्यांवर गेले, ती घरात बसून काय करणार? दोन वर्षं तिनं सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड केली. मग गल्ली पडायला लागली आणि सून सुटली.

पहिलं पडलं प्रतापरावांचं घर. विटांच्या ढिगावर विजेचा एक लाकडी बोर्ड उताणा पडला होता, काळ्या गोल बटणांचा, पूर्वी घराघरांत असायचा तसा. शेजारी खिडकीच्या गजाचा वाकलेला तुकडा. तो गज सरोजनं लगेच ओळखला. प्रतापरावांचा सुरेश पोलिओचा डोस चुकवायला त्याच गजाला लोंबकळायचा आणि खाली दोन बाया त्याचं तोंड उघडायला धडपडायच्या. तिनं बोर्ड उचलला, गज उचलला आणि घरी आणून एकावर एक ठोकून ठेवले. कशासाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

"आई, गंजलेलं आहे ते. टिटॅनस होईल," सून वृषाली म्हणाली.

अर्ध्या काचीगुड्याला टिटॅनसची सुई टोचलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. तिनं ऐकून घेतलं.

त्यानंतर कुठलंही घर पडलं की सिस्टर पिशवी घेऊन हजर. प्रत्येक घराचा एक लाकडी बोर्ड आणि त्यावर त्या घरातली एक वस्तू. हर्षदच्या घरची पाळण्याची कडी. रेणूच्या घरच्या कपाटाची पितळी मूठ, कारण रेणू त्या कपाटात लपायची. अश्विनीच्या मोरीतला नळ, कारण डोस थुंकून ती तिथंच चूळ भरायला पळायची. बोर्डाच्या खाली लाल ऑइलपेंटनं नाव. नाव घरमालकाचं नाही, त्या घरातल्या लेकराचं. यात तिनं विचार वगैरे काही केला नव्हता. तिच्या वहीत घरं अशीच असायची. प्रतापराव महानगरपालिकेत हेडक्लार्क आहेत हे तिला कळलं, तेव्हा सुरेश मॅट्रिकला होता.

तोच सुरेश आता अपार्टमेंटचा सेक्रेटरी होता. सरोजचं आणि प्रतापरावांचं घर मिळून ही पाच मजली इमारत उठली होती. सासूबाईंचे बोर्ड घरात मावेनात, तेव्हा वृषालीनं त्याच्याकडे पार्किंगची भिंत मागितली. "आंटी, ये पार्किंग है, म्यूझियम थोडी है," तो सरोजला म्हणाला. सरोजनं पहिलाच बोर्ड त्याच्या पुढ्यात धरला. वाकलेला गज आणि खाली 'सुरेशचं घर'. सुरेशला मराठी धड वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव कोणालाही वाचता येतं. दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन तोच घेऊन आला.

असे चाळीस झाले. गल्लीत घरं एक्केचाळीस.

रविवारी कुकटपल्लीहून, एल. बी. नगरहून, कुठून कुठून जुने लोक येणार होते. त्यांच्यासमोर काय सांगायचं हेही सरोजनं मनात ठरवून ठेवलं होतं: आपलं एकही घर सुटलं नाही. हे वाक्य तिचं जुनंच होतं. पोलिओच्या मोहिमेत तिच्या हद्दीतलं एकही घर कधी सुटलं नव्हतं. खुद्द जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तसं लिहून सही केलेला कागद तिच्या कपाटात होता आणि त्याचा तिला भारी गर्व होता. उगाच कशाला लपवायचं?

त्या शुक्रवारी दुपारी ती घरात उरलेला एक रिकामा बोर्ड मांडीवर घेऊन बसली. त्रिवेणीकडची कुठली वस्तू? दुसऱ्या कुठल्याही घराचं नाव घेतलं असतं तर तिनं डोळे मिटून सांगितलं असतं, माठ कुठं, देव कुठं, कोणत्या पलंगाखाली कोण लपतं. त्रिवेणीचं घर म्हटलं की तिला एक निळं दार दिसत होतं. दारापुढची तुटकी पायरी. चौकटीची डावी बाजू. बस. दाराच्या आत काय होतं, ते काही केल्या आठवेना. आठवणार कुठून? ती आत कधी गेलीच नव्हती.

का गेली नव्हती, ते मात्र चांगलं आठवत होतं.

मोहीम नवीन होती तेव्हाची गोष्ट. दारोदार जायचं, पाच वर्षांच्या आतलं कोणी आहे का विचारायचं, डोस पाजायचा आणि बाहेर भिंतीवर खडूनं खूण करायची. कोणी राहिलं असेल तर फुली, काम पुरं झालं असेल तर इंग्रजी पी. घरात लेकरू नसलं तरी विचारायचं आणि पी लिहायचं. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला निळं दार त्रिवेणीच्या सासूनं, चतुराबाईनं उघडलं. चतुराबाईचा आवाज अख्ख्या गल्लीला पुरायचा. "लेकरू? ह्या घरात? हिला विचारा की, ही हुबी हाय बघा मागं. सात वर्सं झाली आणून. दर खेपंला येऊन कशाला जखमेवर मीठ चोळता ओ?" समोरच्या इंदुताई दारात आल्या. आणखी दोघीतिघी आल्या. मागं त्रिवेणी उभी होती, हाताला पीठ लागलेलं. सरोजनं तिचा चेहरा पाहिला आणि त्याच क्षणी ठरवलं, या दारात हे पुन्हा विचारायचं नाही.

पुढच्या फेरीपासून ती निळ्या दाराशी थांबायची, दार न वाजवता चौकटीवर पी लिहायची आणि पुढं जायची. चतुराबाई पाचेक वर्षांत गेली. सरोजची सवय राहिली. बाकी कोणी दार न वाजवता पी लिहिलं तर ती फाडून खायची. "ही चोरी आहे," असं तिनं किती नव्या पोरींना सुनावलं होतं. हे एक दार त्यात ती धरत नव्हती. याला ती माणुसकी म्हणत होती.

शनिवारी सकाळी ती रिक्षानं अफझलगंजच्या पुढं गेली. पाडलेल्या घरांची दारं विकणारं एक दुकान तिथं होतं, आणि हौज गल्लीतलं सगळं लाकूड तिकडंच जायचं. शेकडो दारं एकमेकांना टेकून उभी होती. निळं दार तिला पाच मिनिटांत सापडलं. तेवीस वर्षं वर्षातून दोनचारदा ज्याच्यासमोर ती उभी राहिली, ते सापडणारच.

"क्या होना अम्मा? पूरा दर्वाजा होना कि?" दुकानदारानं विचारलं.

"नक्को, सिरफ कुंडी."

"कुंडी का क्या, ले लेव."

त्यानं पक्कडीनं कडी काढून हातावर ठेवली. जड, लोखंडी, निळ्या रंगाचे पोपडे धरलेली. घरी येऊन तिनं ती बोर्डावर बसवली आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, 'त्रिवेणीचं घर'. मग जरा लांब धरून पाहिलं. चाळीस घरं लेकरांची आणि एकच घर बाईच्या नावाचं. कोणाच्या लक्षात येणार आहे, असं ती स्वतःशी म्हणाली. ज्याच्या लक्षात यायचं, त्याच्या येणारच होतं. पण भिंत पुरी झाली होती.

चारच्या सुमारास ती बोर्ड पिशवीत घालून निघाली. रविवारी भिंतीवर लावण्याआधी त्रिवेणीला दाखवावा, एवढंच तिच्या मनात होतं. शाबासकी मिळेल असंही थोडं वाटत होतं.

निळ्या दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं. चौकटसुद्धा गेली होती, विटा उघड्या पडल्या होत्या. दोन खिळ्यांना एक फुलाफुलांची चादर बांधली होती. नवऱ्याला, शिवराजला, जाऊन तीन वर्षं झालेली, त्रिवेणी घरात एकटीच. असल्या घरात रात्री कशी राहणार, म्हणून ती दोन दिवस इंदुताईंच्या फ्लॅटवर झोपायला जात होती.

सरोज उभी राहिली. वाजवायला काही नव्हतं.

"त्रिवेणी, आहेस का गं?"

चादर बाजूला झाली. त्रिवेणीनं बोर्ड हातात घेतला, चष्मा खाली ओढला. कडीवर बोट फिरवलं, नाव वाचलं.

"कुठून आणली?"

"अफझलगंजहून. तुझ्याच दाराची आहे, मी नीट बघून आणली."

"हौ, माझ्याच दाराची हाय." तिनं बोर्ड परत सरोजच्या हातात दिला. "पर ही बाहीरची कडी हाय सिस्टर. रेणूकडची कपाटाची मूठ लावलाव. हर्षदकडची पाळण्याची कडी. अश्विनीच्या तर मोरीतला नळ. समद्यांचं आतलं. माझंच बाहीरचं."

"मी आत कधी आले नाही गं."

"येणार कशा? दार वाजवलंव का कधी?"

सरोजला वाटलं होतं की हे त्रिवेणीला माहीत नसेल. इतकी वर्षं तिला तसंच वाटत आलं होतं.

"तुझ्या सासूनं त्या दिवशी गल्ली गोळा केली," ती म्हणाली. "तुझा चेहरा बघवला नाही मला. म्हटलं, दरवेळी येऊन तुला कशाला दुखवायचं?"

"मला दुखेल का नाही, ते मला इचारलंव?" त्रिवेणीचा आवाज चढला नाही. भाजी निवडताना बोलावं तशी ती बोलत होती. "सासू म्हातारी होती, बोलली, गेली. तिचं मी कवाच सोडलं. तुमचं सुटंना. तुमची फेरी असली की मी सकाळी सातला न्हाऊन तयार. गॅसवर चहाचं आधण. समोर इंदुताईकडं तुमी हसायचाव, त्यांच्या पोराला रागवायचाव, त्यांचा चहा घ्यायचाव. मग माझ्या दाराशी पावलं यायची. मी कडीला हात लावून आत हुबी. मग खडूचा आवाज. मग पावलं पुढं. मग मी आधण बंद करायची."

सरोजनं हातातल्या कडीकडे पाहिलं.

"आमचे हे म्हणायचे, पोलिओवाल्यांचं आपल्याकडं काय काम? मी म्हणायची, काम नसंना का. पर इचारायला तर लागतंय की. सरकारचा नियम हाय, परत्येक घरात इचारायचा. आपलं बी घरच हाय की."

"किती वर्षं ठेवलंस आधण?"

"चारपाच वर्षं. मग नाही ठेवलं. खडू मात्र ऐकायची."

सरोजच्या डोळ्यांपुढं कपाटातला तो सहीचा कागद आला आणि तिला शरम वाटली. एकही घर सुटलं नाही म्हणे. दर फेरीला सुटलं होतं. तेच घर, दर फेरीला. आणि वर काम पुरं झाल्याची खूण तिनं स्वतःच्या हातानं केली होती. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिनं त्याला चोर म्हटलं असतं.

"माझं चुकलं त्रिवेणी," ती म्हणाली. "मला वाटलं, मी चांगलं करते आहे. माफ कर."

"माफी-बिफी नक्को."

"मग हा बोर्ड मी लावत नाही. काढून टाकते."

"आन् मग चाळीसच ऱ्हायली म्हणून सांगणार का उद्या समद्यांना?" त्रिवेणीनं पदरानं चष्मा पुसला. "मला घर भिंतीवर पाहिजे सिस्टर. मी तीस वर्षांच्या वर ऱ्हायले हितं. पर आतलं न्या. काय न्यायचं ते तुमीच आत येऊन बघा. चूल, मांडणी, काय बी. पाहिजे ते न्या."

"येते की."

सरोजनं पाय पुढं टाकला. त्रिवेणी बाजूला झाली नाही.

"असं नाही. आदी इचारा."

"काय विचारू?"

"समद्यांना इचारायचाव ते."

सरोजला कळलं. आपण पासष्ट वर्षांच्या आहोत, भररस्त्यात उभ्या आहोत, हे तिला एकदम जाणवलं. "अगं, आता कशाला? आता कुठं ती..."

"इचारा," त्रिवेणी म्हणाली आणि आत गेली. तिनं मागं चादर सोडली.

सरोज एकटी बाहेर राहिली. पलीकडच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून इंदुताई पाहत होत्या. सरोजनं पदर खांद्यावर सारखा केला, ड्यूटीवर करायची तसा. वाजवायला दार नव्हतं, चौकट नव्हती. तिनं हातातला बोर्ड सरळ धरला आणि त्याच्यावरची कडी दोनदा आपटली. लाकडावर लोखंडाचा आवाज झाला, चांगला खणखणीत.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

"मी सरोज. पोलिओची सिस्टर."

चादर बाजूला झाली. त्रिवेणीनं केसांवरून हात फिरवला होता, पदर नीट घेतला होता. तिनं सरोजकडे पाहिलं, जशी पहिल्यांदाच पाहते आहे.

"तुमच्या घरात," सरोजनं विचारलं, "पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे का?"

"नाही सिस्टर," शिवराज होता तेव्हा म्हणाली असती तसं त्रिवेणी म्हणाली. "आमी दोगंच असताव. या ना आत, चहा ठेवते."

सरोजनं तुटक्या पायरीवर चपला काढल्या आणि ती आत गेली.